हवापालट आणि दमेकऱ्याचा श्वास

घरातील कोणाची प्रकृती बिघडली की त्यास हवापालटास न्यावे, ही आपल्या सुशिक्षित कुटुंबांतील जुनी वहिवाट आहे. खोकला रेंगाळला, महाबळेश्वरास चला. मूल किरकिरे झाले, पाचगणीस चला. असा सल्ला देणारे एखादे वडीलधारे माणूस प्रत्येक घरी असतेच. हा सल्ला सद्भावनेचा असतो आणि पुष्कळदा हितकरही ठरतो. तथापि दम्याच्या बाबतीत तो डोळे मिटून पाळल्यास कसा प्रसंग ओढवतो, हे आम्ही स्वतःच्या घरी पाहिले आहे. त्यात चूक सर्वस्वी आमचीच होती. म्हणून ती येथे मोकळेपणाने सांगण्यास आम्हास संकोच वाटत नाही.

आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा होता. लहानपणी त्यास इसब होते, पुढे सकाळी उठताच शिंकांची माळ लागू लागली, आणि सातव्या वर्षी डॉक्टरांनी दम्याचे निदान केले. रोज सकाळ-संध्याकाळ ओढावयाचा एक पंप त्यांनी दिला होता. मे महिन्याच्या अखेरीस आम्ही सारे कुटुंब महाबळेश्वरास गेलो, तेव्हा तो पंप पुण्यास कपाटात राहिला. तो विसरला नव्हता. मुद्दाम ठेवला होता. "डोंगरावरची निर्मळ हवा मिळणार, मग ते औषध कशाला?" हा शहाणपणा आमचाच.

उतरावयास एका स्नेह्यांचा जुना बंगला मिळाला होता. तो कित्येक महिने बंद होता. पहिला दिवस आनंदात गेला. मुलगा वेण्णा तलावाकाठी दोनदा घोड्यावर बसून आला. तिसरे प्रहरी वळीव कोसळला, गारठा पडला, तेव्हा फडताळातील जुन्या रजया व कांबळी काढून सर्वांस पांघरावयास दिली. मध्यरात्री मुलगा उठून बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर चढलेले, छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज, आणि दोन शब्दांच्या पुढे तिसरा शब्द निघत नव्हता. कोणी निलगिरीचे तेल चोळू लागले, कोणी आले-मधाचे चाटण करावयास धावले, आणि आम्ही त्यास निजविण्याची खटपट करीत होतो. तेवढ्यात आमच्या थोरल्या सूनबाई पुढे झाल्या. "मामंजी, बाजूला व्हा. त्याला निजवू नका," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांनी आपल्या पर्सच्या तळातून एक निळा पंप काढला, मुलास सरळ बसविले, आणि एकेक श्वासाबरोबर एकेक असे चार फवारे दिले. घाट उतरून रुग्णालय गाठेपर्यंत त्याच पंपाने त्याचा श्वास टिकवून धरला. पहाटेस तो शांत झोपला.

मग प्रश्न उरला, की सूनबाईंजवळ हा पंप आला कोठून? त्यांस बाराव्या वर्षापासून दमा होता. लग्न होऊन चार वर्षे झाली होती. परंतु "सासरी कळले तर काय म्हणतील" या भीतीने त्यांनी तो लपविला होता. चार वर्षे त्या न्हाणीघराचे दार लावून औषध घेत होत्या, आणि पुष्कळ दिवस घेतही नव्हत्या.

त्या रात्री आमच्या दोन समजुती एकदम ढासळल्या. थंड हवा हेच दम्याचे औषध, ही पहिली. आणि आपल्या घरात असे काही नाही, ही दुसरी. पुढे आम्ही जाणत्या डॉक्टरांस विचारून व वाचून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

महाबळेश्वरची कीर्ती कोठून आली

महाबळेश्वर हे आरोग्यस्थान म्हणून वसले ते इंग्रजी अमदानीत. जनरल लॉडविक हा इंग्रज अधिकारी १८२४ साली या पठारावर चढून आला, आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांजशी १८२९ साली करार करून ही जागा मिळविली. माल्कम पेठ हे नाव त्यावरूनच पडले. समुद्रसपाटीपासून सुमारे १३७० मीटर उंची, वैशाखातही सोसवेल असे ऊन व दाट झाडी यांमुळे मैदानातील उकाड्याने व तापाने जर्जर झालेल्या गोऱ्या शिपायांस येथे बरे वाटे. पुढे मुंबई सरकारचा मुक्कामच उन्हाळ्यात येथे हलू लागला.

परंतु याच सरकारचा पुढील प्रवास आपण विसरतो. मृगाच्या सरी आल्या की सारा सरकारी लवाजमा डोंगर उतरून पुण्यास येत असे. कारण महाबळेश्वरास वर्षाकाठी सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरांहून, म्हणजे दोनशे इंचांहून, अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. आषाढ-श्रावणात तेथे ढग घरात शिरतात, कपडे वाळत नाहीत, चामड्याच्या वस्तूंवर व भिंतींवर बुरशी चढते. तेथून अवघ्या अठरा-एकोणीस किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीस पाऊस याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणूनच जॉन चेसन या इंग्रज गृहस्थाने गेल्या शतकाच्याही मागील शतकात पाचगणी वसविली, ती बारमाही राहता येईल असे ठिकाण म्हणून. डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी ‘बेल-एअर’ हे आरोग्यधाम काढले तेही पाचगणीसच.

क्षयाच्या या इतिहासात एक बोध आहे. ज्या काळी क्षयावर औषध नव्हते, त्या काळी मोकळी हवा, विश्रांती व सकस अन्न एवढाच आधार होता, आणि तो काही थोडा नव्हता. परंतु १९४४ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध प्रसिद्ध झाला, मागाहून इतर औषधे आली, आणि क्षय औषधाने बरा होऊ लागला. हवेने बळ दिले. रोग घालविला तो औषधाने. दम्याच्या बाबतीत हाच न्याय आपण अद्याप लावलेला नाही.

वावडे म्हणजे काय

आपल्या भाषेत एक मार्मिक शब्द आहे: वावडे. एखाद्यास वांग्याचे वावडे असते, एखाद्यास कोळंबीचे. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडविला, तो जवळजवळ याच अर्थाने: जे इतरांस निरुपद्रवी, त्याच वस्तूने एखाद्याच्या शरीरात निराळीच खळबळ उडावी.

आपल्या शरीरात रोगजंतूंपासून रक्षण करणारी एक यंत्रणा अहोरात्र जागी असते. ती जणू दारावरचा पहारेकरी. काही माणसांचा पहारेकरी मात्र फाजील दक्ष असतो. पहाटे आलेल्या गवळ्यासच चोर समजून तो शिंग फुंकतो, आणि मग घरातील सारी मंडळी काठ्या घेऊन धावतात. गवळ्याने काहीच केलेले नसते. नासधूस होते ती घरच्याच धावपळीने. परागकण, धूळ, शेंगदाण्यातील एखादे प्रथिन, ही सारी अशी गवळीमंडळी होत.

हा प्रकार घडतो तो रक्तातील एका विशिष्ट प्रतिद्रव्यामुळे. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने अमेरिकेत डेन्व्हर येथे काम करीत असता १९६६ साली ते शोधून काढले, आणि लगोलग स्वीडनमधील योहान्सन व बेन्निख यांनीही स्वतंत्रपणे त्याचा छडा लावला. त्यास ‘आय-जी-ई’ असे नाव आहे. पहिल्या गाठीस हे प्रतिद्रव्य तयार होते आणि त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडी येथील विशिष्ट पेशींवर चिकटून बसते. पुन्हा तोच पदार्थ आला की त्या पेशी फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आदी द्रव्ये ओतून देतात. म्हणूनच "आजवर तर खात होता, आजच कसे झाले?" हा प्रश्न निरर्थक ठरतो. आजवर तयारी चालली होती, एवढाच त्याचा अर्थ.

ही द्रव्ये नाकात सुटली तर शिंका व पाणी. डोळ्यांत सुटली तर खाज. त्वचेत सुटली तर ज्यास आपण ‘पित्त उठले’ म्हणतो त्या गांध्या. आमसुलाचे पाणी लावून गार वाटते हे खरे. परंतु त्या गांध्यांचा पोटातील पित्ताशी संबंध नसतो. दूध पिऊन ज्यांचे केवळ पोट फुगते, त्यांचे ते बहुधा वावडेही नव्हे. त्यांस दुधातील साखर पचविणारा रस कमी असतो.

वावड्याचा आणखी एक प्रकार आपल्या पूर्वजांस चांगला ठाऊक होता. कपड्यांवर खूण करण्यास परीट बिब्बा वापरीत, आणि कोणाच्या मानेवर नेमक्या त्या खुणेच्या जागी फोड येत. ‘बिब्बा उतला’ असे म्हणत. येथे आय-जी-ई चा संबंध नसतो. संरक्षक पेशी स्वतःच चालून येतात, आणि त्यास एक-दोन दिवस लागतात. गाजर गवताने हातांस व चेहऱ्यास होणारा दाह याच जातीचा. हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले आणि पाहता पाहता देशभर पसरले.

ज्या दुखण्यांत पहारेकरी घरच्याच माणसांवर उलटतो, ती आणखी निराळी. सांधे सुजविणारा विशिष्ट संधिवात, थायरॉइडचा एक प्रकार, कोड, ही त्यांतील होत. त्यांस वावडे म्हणू नये, आणि कोड संसर्गाने पसरते ही समजूत तर समूळ टाकून द्यावी.

दम्यात छातीत काय घडते

दमा म्हणजे श्वासनलिकांच्या अस्तराची सतत चालू असलेली सूज. ज्या दिवशी रोग्यास बरे वाटते त्याही दिवशी ती सूज थोडीबहुत असतेच. अशा चिडलेल्या नळीस परागकण, धूर, सर्दीचा विषाणू, गार वारा, धावणे, इतकेच काय पण रडणे-हसणेही पुरते. भोवतीचे स्नायू आवळतात, आत कफ दाटतो आणि श्वास बाहेर टाकणे कठीण होते. सर्वच दमा वावड्याचा नसतो. परंतु मुलांचा दमा बहुधा असतो. तान्हेपणी इसब, मग शिंका, मग दमा, ही आमच्या पुतण्याची वाट कित्येक मुलांची असते, आणि ती आई-बापांकडून वारशाने येते.

आपले प्राचीन वैद्य या रोगाचे उत्तम निरीक्षक होते. चरकसंहितेत श्वासाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी तमकश्वासाचे वर्णन वाचताना आमच्यापुढे ती रात्र उभी राहिली. निजल्याने तो वाढतो, बसल्याने आराम पडतो; ढग, पाऊस, गारठा व पूर्वेकडील वारा यांनी तो बळावतो, असे तेथे स्वच्छ म्हटले आहे. आम्ही त्या मुलास नेले कोठे, तर ढग, पाऊस व गारठा जेथे एकत्र नांदतात तेथे. आणि निजवीत होतो!

हवेचे खरे गणित

मग डोंगरावर गेल्याने दमेकऱ्यास कधीच लाभ होत नाही काय? होतो, पण तो का होतो हे समजले पाहिजे. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे सुमारे १५६० मीटर उंचीवर दमेकऱ्यांस पूर्वीपासून बरे वाटे. याचे कोडे उलगडले ते हॉलंडातील लायडन येथे. १९६४ च्या सुमारास फोरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की घरातील धुळीचे वावडे हे मुख्यतः त्या धुळीतील एका अतिसूक्ष्म किड्याचे वावडे होय. हा किडा मिलिमीटराच्या एक-तृतीयांशाएवढा. तो चावत नाही, रोग पसरवीत नाही. गादी-उशीत राहून आपल्या त्वचेचा झडलेला कोंडा खातो. त्याच्या विष्ठेचे कण श्वासात जातात आणि वावडे उठते. मुख्य गोष्ट ही की तो पाणी पीत नाही. हवेतील ओलावा शोषून जगतो. हवा कोरडी राहिली की तो वाळून मरतो. दाव्होसची हवा कोरडी, म्हणून तेथे हा किडा जवळजवळ नाही. गुण उंचीचा नव्हे, कोरडेपणाचा!

हे गणित महाबळेश्वरास लावून पाहावे. माघ-फाल्गुनात तेथील हवा कोरडी, धूळ-धूर बेताचा. अशा दिवसांत दुपारी फिरणाऱ्या दमेकऱ्यास उल्हास वाटेल यात शंका नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठावेत इतकी थंडी कधी कधी पडते. त्या पहाटेच्या वाऱ्यात नाक-तोंड न गुंडाळता फिरणे म्हणजे संकटास आमंत्रण. आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत तर ओलावा, बुरशी व किडे यांचेच राज्य. महिनोन्‌महिने बंद असलेला बंगला, त्यातील कापसाच्या गाद्या, लोकरीची कांबळी: याहून सोयीचे निवासस्थान त्या किड्यास कोणते मिळावे? त्यात घोड्याच्या अंगावरील कोंडा हेही प्रबळ वावड्याचे कारण आहे. वेण्णाकाठी किंवा पाचगणीच्या टेबललँडवर रपेट करून आलेल्या मुलाचे डोळे लाल झाले तर ते वाऱ्याने झाले असे समजू नये.

वळवाच्या पावसाविषयीही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी २१ नोव्हेंबर २०१६ रोजी मोठे वादळ झाले. गवताचे परागकण ओलाव्याने फुटून त्यांचे बारीक तुकडे हवेत पसरले, हजारो लोकांस एका संध्याकाळी धाप लागली आणि दहा जण दगावले. त्यांत पूर्वी केवळ शिंका येणारेही होते. प्रत्येक वळीव असाच असतो असे नव्हे. परंतु "पावसाने हवा धुतली गेली" असे म्हणून दमेकऱ्याने वादळात अंगणात उभे राहू नये.

महाबळेश्वरचा मध प्रसिद्ध आहे. जवळचे मांघर हे २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. तेथील मध रोज चाटला म्हणजे परागकणांचे वावडे जाते असे सांगणारे भेटतात. मध हा उत्तम पदार्थ आहे. परंतु मधमाशी गोळा करते ते जड, चिकट पराग. नाकात जाऊन त्रास देतात ते गवताचे व झाडांचे, वाऱ्यावर उडणारे हलके पराग. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांनी ही गोष्ट १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडली. त्यांस स्वतःसच हे दुखणे होते. पराग स्वतःच्या नाकात घालून व पतंगास चिकट काच बांधून आकाशातले पराग पकडून त्यांनी ते सिद्ध केले. तेव्हा मध आवडीने खावा, औषध म्हणून त्यावर विसंबू नये.

मधमाशीच्या दंशाची गोष्ट मात्र गंभीर आहे. बहुतेकांस दंशाच्या जागी सूज येते, एवढेच. एखाद्यास मात्र एका दंशाने काही मिनिटांतच सर्वांगास गांध्या, घशास सूज, धाप, ओकारी, चक्कर असा क्रम सुरू होतो. शेंगदाणा, कोळंबी, एखादे औषध यांनीही असे होऊ शकते. या वेळी घरगुती उपचारांत एक क्षणही घालवू नये. रोग्यास आडवे निजवून पाय उंच ठेवावेत, धाप फार असल्यास बसू द्यावे, आणि तत्काळ दवाखाना गाठावा. मांडीत दिलेले अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच तेथे प्राण वाचविणारा उपाय होय.

पंपाविषयीचे गैरसमज

"पंपाची सवय लागते," "पंप हा शेवटचा उपाय," ही वाक्ये आम्हीही पुष्कळदा उच्चारली आहेत. खरी गोष्ट उलट आहे. निळ्या पंपातील सालब्युटामॉलच्या दोन फवाऱ्यांत औषध असते २०० मायक्रोग्रॅम. त्याच औषधाची चार मिलिग्रॅमची गोळी घेतली तर त्याच्या वीसपट औषध साऱ्या शरीरात फिरते. पंपाचे औषध जेथे हवे तेथेच पडते, म्हणून थोडे पुरते. या पंपाच्या जन्माची कथाही घरगुती आहे. अमेरिकेतील एका औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीस दमा होता. केसांवर मारावयाचा फवारा डब्यात भरता येतो, मग माझे औषध का भरता येऊ नये, असे तिने वडिलांस विचारले, आणि १९५६ साली तो पंप बाजारात आला.

पंप दोन प्रकारचे असतात हे मात्र नीट ध्यानात ठेवावे. एक तात्काळ नळी मोकळी करणारा. दुसरा अस्तराची सूज उतरविणारा, ज्यात अल्प प्रमाणात स्टिरॉइड असते. पहिल्याने आराम चटकन पडतो, म्हणून लोक त्यावरच राहतात आणि दुसरा टाकून देतात. हीच घोडचूक. केवळ आराम देणाऱ्या पंपावर विसंबू नये, असे दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांत २०१९ पासून स्पष्ट सांगितले आहे. आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा आराम देणारा पंप लागत असेल तर दमा ताब्यात नाही असे समजावे. स्टिरॉइडाच्या पंपाने मुलाची उंची थोडी, सुमारे एक सेंटिमीटर, कमी भरू शकते हे लपविण्याचे कारण नाही; परंतु रात्र-रात्र जागणाऱ्या व शाळा बुडविणाऱ्या मुलाची जी वाढ खुंटते तिच्यापुढे ते काहीच नव्हे. मुलांस पंप नळकांड्यातून द्यावा, आणि मागाहून चूळ भरावयास सांगावे.

दम्याविषयी आपल्या देशाची स्थिती लाजिरवाणी आहे. जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे तेरा टक्के भारतात. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक भारतात होतात, असा अंदाज आहे. रोग आपलाच अधिक क्रूर आहे असे नव्हे. आपण निदान उशिरा करतो, औषध मध्येच सोडतो, आणि मधल्या काळात कोजागिरीच्या खिरीतील औषध, मृग नक्षत्रावर हैदराबादेस गिळावयाचा जिवंत मासा, यांच्या मागे धावतो. श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण त्यासाठी पंप खाली ठेवू नये.

घरात करावयाच्या गोष्टी

गृहिणींच्या हाती पुष्कळ आहे. गाद्या-उशा कडक उन्हात घालण्याची आपली जुनी चाल उत्तम. उन्हाने ओलावा जातो आणि किडे मरतात. चादरी-अभ्रे आठवड्यास कढत पाण्यात धुवावेत. कोरड्या केरसुणीने धूळ उडविण्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे, आणि झाडलोटीच्या वेळी दमेकरी माणूस त्या खोलीत नसावे. मिरचीच्या फोडणीचा खकाणा बाहेर जाईल अशी सोय असावी. देवापुढे निरांजन पुरते. धूप-उदबत्तीचा लोट दमेकऱ्याच्या खोलीत नको. मुंजीच्या होमाजवळ अशा मुलास मांडवाच्या कडेस बसवावे. त्यात अधर्म नाही. डासांची कॉइल तर बंदच करावी: एका कॉइलच्या धुरातील सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्यापेक्षा मच्छरदाणी शतपटीने बरी. दिवाळीतील सापाच्या गोळीचा काळा धूर निरुपद्रवी वाटतो. परंतु पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने फटाके तपासले तेव्हा सूक्ष्म कणांत तीच अग्रेसर ठरली.

एकत्र कुटुंबाविषयी एक सुखाची गोष्टही सांगितली पाहिजे. १९५८ साली जन्मलेल्या सतरा हजारांहून अधिक ब्रिटिश मुलांच्या पाहणीवरून डेव्हिड स्ट्रॅचन यांनी १९८९ साली असे दाखविले, की ज्यांस थोरली भावंडे पुष्कळ, त्यांस परागांच्या वावड्याचा त्रास कमी. लहानपणी जंतूंशी पुरेशी ओळख झाली म्हणजे पहारेकरी शहाणा होतो, असा यावरून एक तर्क निघाला. त्याची चर्चा अद्याप चालू आहे. त्यावरून कोणी घर अस्वच्छ ठेवू नये. पण भरल्या घराचा हा एक गुण मानावयास हरकत नाही.

भरल्या घराचा दोष मात्र आम्ही पाहिला आहे: तेथे माणूस आपले दुखणे बोलत नाही. मुलीचे लग्न ठरेपर्यंत दमा लपवावयाचा, ठरल्यावर सासरी लपवावयाचा, गरोदरपणी "औषध बाळास बाधेल" म्हणून आपल्याच मनाने सोडावयाचे. वस्तुतः पोटातील बाळास अपाय होतो तो आईच्या कोंडलेल्या श्वासाने, पंपाने नव्हे. हा रोग स्पर्शाने लागत नाही, तो मनाचा कमकुवतपणा नव्हे, आणि औषध नियमाने घेतले तर त्याने संसार, शिक्षण वा व्यायाम काही अडत नाही. मग लपवावयाचे कोणापासून आणि कशासाठी?

आमच्या घरी आता दिवाणखान्यात एक उघडे फडताळ आहे. त्यावर दोन पंप-जोड्या असतात, एक सूनबाईंची व एक पुतण्याची, आणि शेजारी डॉक्टरांनी स्वहस्ते लिहून दिलेला कागद: रोज काय घ्यावयाचे, धाप लागली तर किती फवारे, आणि कोणत्या लक्षणांवर न थांबता रुग्णालय गाठावयाचे. पूर्ण वाक्य बोलवत नाही, बरगड्यांमधील कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, किंवा फवाऱ्यांनी उतार पडत नाही. यांपैकी एकही दिसले तर वाट पाहू नये. तो कागद घरातील प्रत्येकाने वाचला आहे, आजीबाईंनीसुद्धा.

महाबळेश्वरास आम्ही अजूनही जातो. फाल्गुनात जातो, उघड्या हवेशीर खोलीत उतरतो, धुतलेल्या चादरी बरोबर नेतो. सामान बांधताना प्रथम पंप पेटीत ठेवतो, मग स्वेटर. मुलगा आता आर्थर सीटच्या कड्यापर्यंत चालत जाऊन परत येतो, आणि वाटेत सूनबाई थकल्या की त्यांच्यासाठी थांबतो. दोघांस हवा मानवते. कारण आता त्यांच्या श्वासाचा भार त्या हवेवर टाकलेला नाही.